चार नंबरचं पाकीट

१

गुरुवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी औषधांचं कपाट उघडलं, पत्र्याचा डबा बाहेर काढला आणि आतली पाकिटं मोजली. पाच भरली. पुन्हा मोजली, तरी पाचच. आदल्या दिवशी दुपारी सहा पाकिटं मी माझ्या हातांनी चिकटवून, वर आकडे घालून ठेवली होती. एक, दोन, तीन होतं. पाच, सहा होतं. चार नंबरचं नव्हतं.

कुलूप धडधाकट होतं. म्हणजे ज्याने नेलं त्याने किल्लीने उघडून नेलं, आणि शहाण्यासारखं पुन्हा कुलूप लावूनही गेला.

मी शाळेची सिस्टर. व्हरांड्याच्या अगदी टोकाला, अडगळीच्या खोलीला लागून माझी खोली आहे. एक खाट, एक टेबल, एक कपाट आणि आत बाथरूम. निलगिरीचं तेल आणि स्पिरिट यांचा वास तिथे कायमचा मुक्कामाला आहे. अकरा वर्षं झाली. या धंद्याची एक गंमत आहे. बरं नसलं की सगळ्यांना मी हवी असते, आणि बरं वाटलं की कुणी मागे वळून बघत नाही. घरीही मी एकटीच असते. त्याची सवय आहे, पण सवय असणं वेगळं आणि आवडणं वेगळं.

पाकिटांत ई-सिगारेटी होत्या. बुधवारी सकाळी पीटीच्या सरांनी सायकल स्टँडमागे दहावीच्या सहा मुलांना त्या ओढताना धरलं. सातवा एक मुलगा तिथेच उभा होता, पण त्याच्याकडे काही सापडलं नाही. सहाही एकाच दुकानातल्या, एकाच बनावटीच्या, रंग तेवढे वेगळे. जाड पेनाएवढी वस्तू, खाली चार्जिंगचं भोक, आणि वास असा गोड की लहान मूल चाटायला जाईल.

मला दिसेल त्या गोष्टीचं वजन करायची खोड आहे. प्रयोगशाळेतून भंगारात निघालेला छोटा काटा मी मागून आणलाय, त्यावर एकेक ठेवली. वस्तू एकाच जातीच्या, तेव्हा वजनातला फरक म्हणजे आत उरलेला द्रव. पाच भरल्या सत्तेचाळीस ते एकोणपन्नास ग्रॅम, म्हणजे जवळजवळ रिकाम्या. चार नंबरची पोपटी मात्र छप्पन्न भरली. यादी करून ती मी स्वतः मुख्याध्यापिकांच्या, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंच्या हातात दिली. तेवढ्यात मैदानावर कुणाचा तरी पाय मुरगळला म्हणून मला तिकडे धावावं लागलं. खोली अर्धा तास उघडी राहिली.

किल्ली थर्मामीटरच्या रिकाम्या डबीत असते. हे तिघांनाच ठाऊक. एक शिपाईमामा, जे खोली पुसतात. दुसरे पीटीचे सर, जे मैदानासाठी स्प्रे न्यायला येतात. आणि तिसरी माझी वहीवाली. तिचं नाव केवळ मोजणी पुरी व्हावी म्हणून घेतलं.

वहीवाली दहावीतली, शाळेची आरोग्य प्रतिनिधी. दोन वर्षं रोज मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे येते. डबा खाते, माझी गिचमिड नोंदवही चांगल्या अक्षरात उतरवते, बँडेज गुंडाळते. गेल्या महिन्यात ई-सिगारेटच्या धोक्यांवर प्रार्थनेच्या वेळी भाषण तिनेच केलं होतं. व्हरांड्यातलं पोस्टरही तिचंच.

मोठ्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"उद्या चारला शिस्त समितीची बैठक आहे," त्या म्हणाल्या. "मुलांना मी ताकीद देऊन सोडणार होते. पण शाळेच्या कपाटातून चोरी झाली, सिस्टर. जो चोर असेल तो या शाळेत राहणार नाही."

२

मामांना विचारलं तेव्हा ते फडकं पिळत होते.

"मी आलो, फरशी पुसली, गेलो," ते म्हणाले. "वहीवाली खाटेवर बसून पट्ट्या गुंडाळत होती. सर येऊन स्प्रे घेऊन गेले. सिस्टर, मी तीस वर्षं तंबाखू खाल्ली आणि डॉक्टरांनी दम दिल्यावर सोडली. आता या वयात त्या दूधबाटलीला तोंड लावू होय?"

मामांनी खोटं बोलायचं ठरवलं तर त्यांचे कान लाल होतात. एकदा माझा आरसा फुटला तेव्हा मी पाहिलंय. आज कान नेहमीच्याच रंगाचे होते.

पीटीचे सर माझ्याकडे आपणहून आले, ब्लडप्रेशर बघायला. मी पट्टा बांधला, बटण दाबलं. यंत्र मेलेलं. चार्जिंगची वायर काढायला खण उघडला तर वायर नाही. मी वायरी कोंबून ठेवते, कधी या खणात, कधी त्या. तेव्हा आधी स्वतःलाच दोन शिव्या दिल्या.

"असू दे," सर म्हणाले. "तसंही जरा वाढलेलंच असेल. चार महिने झाले सिगारेट सोडून."

"सोडली? कशी काय?"

त्यांनी खिशात हात घातला, मग काढून घेतला. "तुम्हाला सांगायला हरकत नाही. मी घरी तेच ओढतो, जे मुलांकडून काढून घेतलं. सिगारेटपेक्षा बरं ना? वाफ तर आहे नुसती."

"मग मुलांना का धरलंत?"

"मुलं ती मुलं."

"त्यांनी सिगारेट सोडायला घेतलं नव्हतं, सर. त्यांनी सुरुवातच तिथून केली. तुम्ही जिना उतरताय, ती चढतायत."

माझ्या मनात पाल चुकचुकली. किल्ली ठाऊक, खोलीत येऊन गेलेले, आणि वस्तूची तलफ असलेला माणूस माझ्या समोरच्या स्टुलावर बसला होता.

मधल्या सुट्टीत वहीवाली आली. डोकं दुखतंय म्हणाली. महिन्याभरापूर्वी तिचं असंच सारखं दुखायचं, म्हणून मीच तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. पाव नंबर निघाला, चष्मा लागला. तरी दुखणं राहिलंच. मी कपाळाला बाम लावला आणि बाईंनी दिलेली धमकी तिला सांगितली.

"कुणीतरी सापडेलच," ती म्हणाली आणि बाथरूममध्ये गेली. तिथला पंखा बराच वेळ घरघरत होता.

शुक्रवारी सकाळी मी सरांना गाठायचं ठरवलं होतं. त्याआधीच मामा निरोप घेऊन आले. "सिस्टर, बाईंनी बोलावलंय. चोर कबूल झाला."

३

बाईंच्या टेबलासमोर तो सातवा मुलगा उभा होता. वर्गात त्याला शेपूट म्हणतात, कारण तो नेहमी कुणाच्या तरी मागे असतो. बाईंनी आधीच्या दिवशी जाहीर केलं होतं की चोर पुढे आला नाही तर सहाही जणांना घरी बसवू. त्यावर हा पुढे आला होता.

"मी दोन मिनिटं बोलू याच्याशी?" मी विचारलं. त्याला व्हरांड्यात घेतलं.

"कुलूप कसं उघडलंस?"

"कंपासच्या टोकाने."

"कुठलं नेलंस?"

"काळं."

"मग काय केलंस त्याचं?"

"भीती वाटली. गटारात टाकलं."

कुलपावर ओरखडासुद्धा नव्हता. आणि काळं पेन दोन नंबरच्या पाकिटात सुखरूप होतं. बाईंनी मुलांना एक गेलं एवढंच सांगितलं होतं, कुठलं ते नाही.

"तू स्वतः ओढतोस का रे?"

"तोंडात धरतो. आत घेत नाही. सगळे म्हणतात काही होत नाही त्याने, सवयपण लागत नाही, हवं तेव्हा सोडता येतं. पण मला खोकला येतो आणि मग सगळे हसतात."

"मग चोरी कशाला अंगावर घेतलीस?"

तो बुटाच्या नाडीकडे बघत राहिला. "सिस्टर, वर्गात माझ्यासाठी कधी कुणी जागा धरत नाही. आज तिघांनी धरली."

या पोराला शाळेबाहेर काढलं तर बाकी सहा जण आठवड्यात त्याला विसरणार होते, आणि त्याला ते कळत नव्हतं.

मी आत जाऊन बाईंना रंग आणि कुलूप दोन्ही सांगितलं.

"घाबरलाय, गोंधळला असेल," बाई म्हणाल्या. "कबुली आहे, सिस्टर."

"हे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखं आहे."

"मग चोर आणा. चारच्या आत. नुसता संशय नको, नाव हवं."

मी तणतणत खोलीवर आले. हात काहीतरी करायला हवेत म्हणून टेबलाचा खण खसकन ओढला. आत ब्लडप्रेशरच्या यंत्राची वायर होती. काल नव्हती, आज होती.

४

मी दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसले. वायर तशीच समोर ठेवली, हात न लावता.

आधी पाकिटाचा विचार केला. पाकिटं जाड खाकी कागदाची, चिकटवलेली, बाहेरून रंग दिसत नाही. चोराने सहातून नेमकं तेच उचललं जे भरलेलं होतं. हाताला वजन कळलं असेल म्हणावं, तर मी उरलेली पाच पाकिटं आणि सहाव्या रिकाम्या पाकिटात छप्पन्न ग्रॅमची औषधाची पुडी घालून, ती सगळी डोळे मिटून एकेक तळहातावर धरून पाहिली. तीनदा पाहिली, तीनदा चुकले. योगायोग म्हणावा तर सहात एक. पण जोडीला वायर होती.

एखाद्याने पुरावा लपवायला चोरी केली असती, तर तो ती वस्तू फेकून मोकळा झाला असता. तिला चार्ज करत बसला नसता. यंत्राला बसते तीच वायर त्या पेनालाही बसते. म्हणजे चोराला लपवायचं नव्हतं. त्याला ओढायचं होतं. कुणाचं आहे, कुठल्या रंगाचं आहे, याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं. सर्वांत जास्त कशात आहे एवढंच हवं होतं.

सर? त्यांच्याकडे स्वतःचं आहे, म्हणजे चार्जिंगची सोयही आहे. माझी वायर त्यांना कशाला लागेल? शिवाय त्यांनी ई-सिगारेटी माझ्याकडे दिल्या तेव्हा सहाही उघड्या पिशवीत होत्या. आकडे नंतर पडले. चार नंबरात छप्पन्न ग्रॅम आहेत हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. मामांनाही नव्हता. यादी मी माझ्या हाताने बाईंच्या हातात दिली होती.

यादी. मी वजनं वाचत होते. लिहीत मी नव्हते. माझं अक्षर मलाच लागत नाही.

मी वायरीकडे पाहिलं. आयुष्यात मी कधी वायर गुंडाळलेली नाही. ही गुंडाळलेली होती, घट्ट, एकावर एक वेढा बसवून, आणि शेवटचं टोक मधल्या वेढ्याखाली खोचलेलं. बँडेज असं गुंडाळतात. टोक खोचलं की पिन लागत नाही आणि पट्टी सुटत नाही. ही पद्धत मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षी शिकले, आणि या शाळेत मी ती एकाच माणसाला शिकवली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं. मला उत्तर सापडलं होतं आणि ते मला नको होतं. चारला मी नाव सांगितलं नाही तर शेपटाचं वर्ष आणि शाळा जाणार. सांगितलं तर माझ्याकडे दिवसातून एकदा आपणहून येणारं एकुलतं एक माणूस जाणार. मी खोटं सांगत नाही, वायर परत खणात कोंबावी असं एकदा मनात आलं.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. दारावर टकटक झाली, रोजच्यासारखी दोनदा.

५

"बस," मी म्हटलं. कपाटामागून टेबलफॅनची जुनी लांब वायर काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. "एवढी गुंडाळून दे गं."

तिने गुंडाळली. हात भराभर चालले. शेवटचं टोक मधल्या वेढ्याखाली गेलं. मी ती घेतली आणि खणातल्या वायरीशेजारी ठेवली. दोन्हींकडे ती बघत राहिली.

"मी परत ठेवली ना," ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की आपण काय म्हणालो.

तिने दप्तराच्या आतल्या कप्प्यातून पोपटी पेन काढलं. मी काट्यावर ठेवलं. त्रेपन्न.

"दोन दिवसांत?"

"मला सोडायचं होतं, सिस्टर. खरंच. माझं आधीचं गेल्या शुक्रवारी संपलं. म्हटलं आता बास, नवीन आणायचं नाही. मला सगळं माहितीये त्यातलं. पोस्टर मीच लिहिलंय. फुप्फुसाचं, मेंदूचं, सगळं पाठ आहे. फक्त सवय लागते हे मला दुसऱ्यांबद्दल वाटायचं. चार दिवस नुसतं डोकं दुखत होतं, वाचलेलं डोक्यात शिरत नव्हतं. आणि बुधवारी तुम्ही छप्पन्न म्हणालात. त्यानंतर मला दुसरं काही ऐकूच आलं नाही."

"वायर कशाला माझी?"

"घरात एकच आहे. ती मावशी ड्यूटीवर घेऊन जाते. मावशी रात्रपाळीला असते, दिवसा झोपते. आम्ही दोघीच. माझं दार मीच उघडते, मीच लावते." तिने पोपटी पेनाकडे पाहिलं. "ते हातात असलं की काहीतरी करत असल्यासारखं वाटतं."

म्हणजे तो पाव नंबरचा चष्मा मी उगाच तिच्या नाकावर चढवला होता. दोन वर्षं पोर माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिच्या कपाळाला बाम चोळत बसले. पण मला विचारायचा प्रश्न वेगळाच होता, आणि तो विचारू नये हे मला कळत होतं.

"तू इथे रोज का येतेस?"

तिने खोटं बोलायला हवं होतं. मला चाललं असतं.

"तुमच्या बाथरूमला पंखा आहे," ती हळूच म्हणाली. "आणि इथे निलगिरीचा वास असतो. कुणाला कळत नाही."

मी उठले, खिडकीपाशी गेले आणि मैदानाकडे बघत उभी राहिले. वाईट वाटलं. फार वाटलं. या वयात एका पोरीच्या बोलण्याने डोळ्यांत पाणी यावं याची लाजही वाटली.

"पहिल्यांदा त्यासाठी म्हणून आले होते," ती मागून म्हणाली. "मग डबापण इथेच खायला लागले. डबा तर कुठेही खाता आला असता."

मी वळले नाही. "चारला मला नाव सांगायचंय. शेपूट शाळेबाहेर जातोय तुझ्यापायी."

"माहितीये."

"मग?"

"काल मी बाईंच्या दारापर्यंत गेले होते. दोनदा." आता ती रडत होती. "सिस्टर, माझं नाव नका ना सांगू."

६

चारला मी समितीपुढे उभी राहिले. डाव्या हाताला शेपूट होता. उजवीकडची जागा रिकामी होती. येताना मी वहीवालीला एवढंच म्हटलं होतं की मी सांगणारच, पण तू आधी आलीस तर सांगणारी तू असशील.

मी कुलूप सांगितलं, रंग सांगितला, वजन सांगितलं, वायर सांगितली. नावापाशी आले तेव्हा दार उघडलं. तिने पेन टेबलावर ठेवलं, आरोग्य प्रतिनिधीचा बिल्ला काढून त्याच्याशेजारी ठेवला आणि म्हणाली, "मी घेतलं. याने काही केलेलं नाही."

तिच्यामागून तिची मावशी आत आली होती, पोरीनेच फोन करून झोपेतून उठवलेली, कामाच्या गणवेशातच. "माझी पोर असं करणारच नाही," ती दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली नाही.

"भाषण तूच केलं होतंस ना?" बाईंनी विचारलं.

"हो. ते सगळं खरंच होतं."

बाई चष्मा पुसायला लागल्या. तेवढ्यात मी बोलून घेतलं. म्हटलं, ही चोरी आहे तशीच ही तलफ आहे, आणि तलफ माझ्या खोलीत येते, तुमच्या नाही. किल्ली उघड्या डबीत ठेवणारी मी. पंखा माझा. डोकेदुखीला चष्मा लावणारीही मीच. काढायचं तर यादीत माझं नाव वर घाला. पीटीचे सर इतका वेळ जमिनीकडे बघत होते. ते उठून म्हणाले, "मलाही बोलायचंय, बाई. पण मुलं बाहेर गेल्यावर."

पोरीला काढलं नाही. बिल्ला गेला, दोन आठवडे वर्गाबाहेर बसणं आलं, डॉक्टरांकडे जाणं आलं. सहा जणांना ताकीद मिळाली. शेपूट सुटला.

व्हरांड्यात तो माझी वाट बघत उभा होता. मला वाटलं आभार मानेल.

"तुम्ही कशाला सिद्ध केलंत?" तो म्हणाला. "आता परत मी कुणीच नाही."

"उद्या मधल्या सुट्टीत ये," मी म्हटलं. "वाळलायस फार. वजन करायचंय तुझं."

"त्या काट्यावर?"

"त्यावर तुझा कान मावेल फक्त. मोठा मागवते."

त्याला हसू आलं, पण त्याने ते दाबलं आणि गेला.

खोलीत आले तर वहीवाली खाटेवर बसली होती. मावशी फाटकापाशी थांबली होती, म्हणाली. कपाळ तिने दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. मी बाम काढला नाही. शेजारी बसले.

"अजून दुखेल," मी म्हटलं. "काही दिवस चिडचिड होईल, झोप येणार नाही. मग कमी होईल. मधल्या सुट्टीत इथेच यायचं. आल्यावर दप्तर उघडायचं, मी तपासणार. बाथरूमचं दार उघडं ठेवायचं."

"रोज तपासणार?"

"रोज."

"विसरणार नाही ना?"

"नाही."

ती बोटांवर दिवस मोजल्यासारखं करत राहिली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "आणि रविवारी?"

अकरा वर्षांत शाळेतल्या कुणालाही मी घरचा पत्ता दिला नव्हता, कारण कुणी मागितलाच नव्हता. मी कागद घेतला, तिला वाचता यावं म्हणून सावकाश, एकेक अक्षर सुटं करून लिहिला, आणि तिच्या हातात दिला.